पोलादी गिअर काढून कोटिंग केलेला ॲल्युमिनियमचा गिअर बसवताना

पॅकिंग मशीन, लेबलिंग मशीन, पिक-अँड-प्लेस युनिट अशा यंत्रांत काही गिअर दर मिनिटाला शंभर-दीडशे वेळा थांबतात आणि पुन्हा सुटतात. अशा ठिकाणी मोटरची बरीचशी ताकद माल हलवण्यात खर्च न होता गिअरलाच वेग देण्यात आणि तो पुन्हा रोखण्यात जाते. साहजिकच ‘हा गिअर ॲल्युमिनियमचा केला तर?’ असा प्रश्न भोसरी, सातपूर, शिरोली अशा कोणत्याही एमआयडीसीत यंत्रे बनवणाऱ्या कारखानदाराला केव्हा ना केव्हा पडतोच. पोलादाची घनता ७.८५ आणि ७०७५ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची २.८१ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असल्यामुळे कागदावर ६४ टक्के वजन वाचते. तो आकडा खरा असला तरी तो जसाच्या तसा पदरात पडत नाही. का पडत नाही आणि त्यातला बराचसा भाग कसा पदरात पाडून घेता येतो, हे पुढे सांगितले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण बहुतेक फसलेले बदल तिच्यापाशीच फसतात. हार्ड ॲनोडायझिंगसारखे (ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा कडक थर वाढवणारे) कोटिंग दाताच्या पृष्ठभागाची झीज रोखते, पण दातावर येणारा भार थराखालच्या मऊ धातूलाच पेलावा लागतो. कोटिंग केले म्हणजे ॲल्युमिनियमचे पोलाद झाले, अशा समजुतीने कोणताही गिअर बदलू नये.

कोणता गिअर बदलावा

बदलण्यास योग्य गिअर मोठ्या व्यासाचा, कमी भाराचा आणि वेगाने सुरू-बंद होणारा असतो. मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, बदलू नये. त्याचे वजन मुळात नगण्य असते, आणि त्याचा प्रत्येक दात मोठ्या गिअरच्या दातापेक्षा कितीतरी जास्त वेळा भाराखाली येतो. वर्म, बेव्हल पिनियन आणि धक्के खाणारे गिअरही पोलादीच ठेवावेत.

दुसरी कसोटी गिअरच्या जागेची आहे. एखाद्या गिअरचा इनर्शिया, म्हणजे वेग बदलण्याला होणारा त्याचा विरोध, मोटरला किती जाणवतो, हे काढताना त्याला मधल्या गुणोत्तराच्या वर्गाने भागावे लागते. मोटरपासून दहास एक या गुणोत्तराने दूर असलेल्या गिअरचा इनर्शिया मोटरकडे शंभरावा हिस्साच पोहोचतो. त्यामुळे अगदी शेवटच्या, सावकाश फिरणाऱ्या गिअरवर खर्च करून सायकल टाइम सुधारत नाही. तो गिअर एखाद्या हलत्या हातावर किंवा सरकत्या कॅरेजवर बसवलेला असेल तर मात्र गणित वेगळे होते, कारण तिथे त्याचे संपूर्ण वजनच इकडून तिकडे वाहून न्यावे लागते.

वजनाचा खरा हिशेब

उदाहरणासाठी मॉड्यूल २ (दाताचे माप; पिच व्यास भागिले दातांची संख्या), ६० दात, २० मिमी रुंदी आणि २० मिमी बोअरचा (शाफ्टसाठीच्या छिद्राचा) स्पर, म्हणजे सरळ दातांचा, गिअर घेऊ. त्याचा पिच व्यास १२० मिमी येतो. पोलादाचा भरीव गिअर १.७३ किलो भरतो आणि त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा ०.६२ किलो. आता ॲल्युमिनियमचा विचार क्षणभर बाजूला ठेवून पोलादी गिअरच कोरून घ्यावा. बाहेर १० मिमीची रिम (दातांचे कडे), मध्ये ६ मिमी जाडीची वेब (पातळ चकती) आणि शाफ्टभोवती ४० मिमीचा हब ठेवला, तर वजन १ किलोवर आणि इनर्शिया भरीव गिअरच्या ६७ टक्क्यांवर येतो. एवढ्याने काम भागत असेल तर पुढचे काहीही करण्याची गरज नाही, कारण याचा खर्च लेथवरच्या तासाभराच्या कामापेक्षा फारसा जास्त नसतो. बदलाचा निर्णय घेताना तुलना नेहमी या कोरलेल्या पोलादी गिअरशी करावी. भरीव गिअरशी तुलना केली की ॲल्युमिनियमचा फायदा उगाचच फुगलेला दिसतो.

दुसरी वजावट कडकपणाची आहे. ॲल्युमिनियमचा स्थितिस्थापकता गुणांक ७० ते ७२ गिगापास्कल असतो, तर पोलादाचा २०५ च्या आसपास, म्हणजे जवळपास तिप्पट. बाजूच्या भाराने वेब वाकते तेव्हा तिचा कडकपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. म्हणून पोलादाइतकाच कडकपणा हवा असेल तर ॲल्युमिनियमची वेब सुमारे १.४ पट जाड करावी लागते, आणि मग त्या भागातली बचत ६४ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर येते.

एक तिसरा मार्ग आहे आणि मध्यम भाराच्या कामात मला तोच सर्वांत बरा वाटतो. दातांची रिम पोलादाची ठेवावी आणि वेब व हब ॲल्युमिनियमचे करून दोन्ही भाग बोल्ट व डॉवेलने (जागा पक्की करणाऱ्या पिनांनी) जोडावेत. वरच्याच गिअरमध्ये वेब ८ मिमीची केली तर वजन सुमारे ०.७४ किलो आणि इनर्शिया ५९ टक्के येतो. इनर्शिया त्रिज्येच्या वर्गाने वाढत असल्यामुळे, आणि पोलाद नेमके परिघावरच राहिल्यामुळे, इनर्शियातली बचत वजनाइतकी होत नाही. दातांबद्दलची सगळी चिंता मात्र मिटते.

दात टिकेल का

संपूर्ण ॲल्युमिनियमचाच गिअर करायचा असेल तर दाताच्या मुळाचा ताण आणि दाताच्या अंगावरचा संपर्क ताण, असे दोन्ही हिशेब करणे भाग आहे. ७०७५-टी६ ची (टी६ हा टेम्पर, म्हणजे उष्णतोपचाराने कडक केलेली अवस्था) यूटीएस, म्हणजे तुटेपर्यंतची ताकद, ५७० मेगापास्कलच्या आसपास म्हणजे ईएन-८ या पोलादाच्या पंक्तीला बसणारी असते, आणि तिथेच अनेकांची फसगत होते. पोलादाला एक थकवा-मर्यादा असते आणि तिच्या खालच्या ताणाला दात कितीही वेळा वाकला तरी तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नसते. ७०७५-टी६ साठी दिला जाणारा १५९ मेगापास्कल हा आकडा ५० कोटी आवर्तनांपुरता आहे. मिनिटाला ३०० फेरे, रोज १६ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालणाऱ्या गिअरचा प्रत्येक दात वर्षात ८.६४ कोटी वेळा भाराखाली येतो, म्हणजे ५० कोटींचा टप्पा सहा वर्षांच्या आतच गाठला जातो.

त्यात ॲनोडायझिंगचा थर स्वतः ठिसूळ असतो. त्यातले सूक्ष्म तडे दाताच्या मुळाशी ताण एकवटतात आणि थकवा-ताकद आणखी उतरते. मी हिशेबात ती निम्मी, म्हणजे ८० मेगापास्कल धरतो आणि त्यावर वेगळा सेफ्टी फॅक्टर घेतो. आयडलर गिअर असेल तर त्याचा दात दोन्ही बाजूंनी वाकतो, म्हणून त्याला आणखी ०.७ ने गुणावे. ॲनोडायझिंगच्या आधी मुळाशी शॉट पीनिंग (बारीक छर्ऱ्यांचा मारा) केल्यास यातले काही परत मिळते.

आपल्या गिअरवर २० न्यूटन-मीटर टॉर्क आहे असे धरू. पिच वर्तुळावर ३३३ न्यूटन बल येते आणि लुईसच्या सूत्राने मुळाचा ताण सुमारे २० मेगापास्कल निघतो. धक्के आणि दातांतील चुकांसाठी दुप्पट केला तरी तो ४० वर जातो, म्हणजे गिअर टिकतो. जोडीला २० दातांचा पोलादी पिनियन असेल तर संपर्क ताण सुमारे २५५ मेगापास्कल येतो. दोन्ही गिअर पोलादी असते तर हाच ताण ३५० च्या वर गेला असता. मऊ धातू थोडा दबतो, संपर्काची पट्टी रुंदावते आणि ताण पसरतो, हा ॲल्युमिनियमचा आपोआप मिळणारा फायदा आहे.

आता तोच हिशेब जरा आत जाऊन पाहू, कारण कोटिंगची मर्यादा इथे डोळ्यांना दिसते. दोन दात एकमेकांना दाबतात तेव्हा सर्वाधिक कातरताण पृष्ठभागाच्या थोडा खाली निर्माण होतो. वरच्या उदाहरणात ती खोली सुमारे ३४ मायक्रॉन येते, म्हणजे ५० मायक्रॉनच्या कोटिंगच्या आतच. टॉर्क चौपट करून ८० न्यूटन-मीटर केला की हीच खोली ७० मायक्रॉनच्या जवळ पोहोचते आणि ताणाचा जोर कोटिंगच्या खालच्या मऊ धातूवर येतो. तिथे धातू थकला की वरचा कडक थर गादीवर ठेवलेल्या काचेसारखा तडकतो आणि पापुद्र्यांनी सुटू लागतो. म्हणून भार वाढला की जाड कोटिंग मागण्यापेक्षा रुंदी वाढवावी किंवा पोलादी रिमचा मार्ग धरावा. सर्वो मोटरचा पीक टॉर्क बहुधा रेटेड टॉर्कच्या तिप्पट असतो आणि मशीन जॅम झाले की तो पूर्णपणे दातांवर येतो. त्यामुळे ड्राइव्हमध्ये टॉर्क लिमिट घालणे हा या बदलाचाच भाग समजावा.

मटेरियल विकत घेताना

दातांसाठी ७०७५ घ्यावा आणि प्लेट असेल तर टी६५१ टेम्परची मागावी. ती ताणून अंतर्गत ताण काढलेली असल्यामुळे कोरताना कमी वाकते. ६०६१ किंवा बाजारात एचई-३० नावाने मिळणारा मिश्रधातू हब, टायमिंग पुली आणि कव्हर यांना उत्तम आहे, पण ६०६१-टी६ ची यील्ड ताकद २७६ मेगापास्कल, तर ७०७५-टी६ ची ५०३ आहे. तांबे जास्त असलेल्या २०२४ सारख्या मिश्रधातूंवर हार्ड ॲनोडायझिंग नीट बसत नाही.

आलेला माल खरोखरच ७०७५ आहे का, हे वजन करून कळत नाही, कारण ७०७५ आणि ६०६१ यांची घनता जवळपास सारखीच असते. ब्रिनेल कडकपणा मात्र लगेच सांगतो. ७०७५-टी६ ला १५० च्या आसपास आकडा येतो आणि ६०६१-टी६ ला ९५ च्या. प्रत्येक ब्लँकच्या (दात पाडण्याआधीच्या तुकड्याच्या) हबच्या तोंडावर एक टेस्ट घ्यावी. टेस्ट सर्टिफिकेट हातात असले तरी घ्यावी.

कोटिंग

नेहमीचे शोभेचे ॲनोडायझिंग आणि हार्ड ॲनोडायझिंग या वेगळ्या प्रक्रिया आहेत, आणि जॉबवर्कला देताना ‘ब्लॅक ॲनोडायझिंग’ एवढेच लिहिले तर बहुधा पहिलीच होऊन येते. हार्ड ॲनोडायझिंग शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवलेल्या सल्फ्युरिक आम्लाच्या बाथमध्ये होते. ऑर्डरवर आयएसओ १००७४ किंवा अमेरिकी लष्करी मानकातील टाइप ३ असा उल्लेख करावा, आणि जाडी, ती कुठे मोजायची ती जागा आणि ‘सीलिंग करू नये’ ही सूचना लिहावी. गरम पाण्याने सीलिंग केल्यास गंजरोधकता वाढते, पण थराची झीज सोसण्याची क्षमता उतरते. घर्षण कमी हवे असल्यास पीटीएफई (टेफ्लॉन) भरलेले हार्ड ॲनोडायझिंग मागता येते. ७०७५ वर या थराचा कडकपणा साधारण ३५० ते ५०० विकर्स असतो आणि खालच्या धातूचा १७५ च्या घरात. कार्बुरायझिंग केलेला पोलादी दात ७०० च्या वर असतो, हे शेजारी ठेवून पाहावे.

थर पृष्ठभागाला काटकोनात वाढतो. बाहेरच्या धारदार कोपऱ्यावर दोन्ही बाजूंचे थर एकमेकांपासून फाकतात आणि तिथे फट राहते. ५० मायक्रॉनच्या थराला बाहेरच्या कोपऱ्यांवर सुमारे १.६ मिमी आणि २५ मायक्रॉनला ०.८ मिमी रेडिअस द्यावा, असा प्रघात आहे. मॉड्यूल २ च्या दाताच्या टोकाची संपूर्ण जाडीच दीड मिमीच्या आसपास असते, त्यामुळे तिथे हा नियम पाळणे शक्यच नसते. यावर उपाय म्हणून लहान मॉड्यूलला २५ ते ३० मायक्रॉनचाच थर घ्यावा, दाताच्या टोकाला हलका टिप रिलीफ द्यावा, म्हणजे टोकाशी दात किंचित पातळ करावा, आणि टोकाच्या व बाजूच्या सर्व कडा हाताने का होईना, पण गोल करून घ्याव्यात. टिप रिलीफचा दुसराही उपयोग आहे. ॲल्युमिनियमचा दात भाराखाली पोलादी दाताच्या जवळपास तिप्पट वाकतो, आणि रिलीफ नसेल तर पुढच्या दाताचे टोक पिनियनच्या अंगात घुसते.

इलेक्ट्रोलेस निकेल (विजेशिवाय, रासायनिक क्रियेने चढवलेला निकेलचा थर) हा पर्यायही विचारात घेण्याजोगा आहे. तो सगळीकडे सारख्या जाडीने बसतो आणि कोपऱ्यांवर फाकत नाही. मात्र त्याचा पूर्ण कडकपणा ४०० अंश सेल्सिअसला भाजल्यावर येतो आणि तेवढ्या उष्णतेत ७०७५ चा टेम्पर निघून जातो. त्यामुळे ॲल्युमिनियमवर तो न भाजता किंवा कमी तापमानाला भाजूनच वापरावा लागतो. हाच धोका पावडर कोटिंगच्या भट्टीतही आहे. ७०७५-टी६ चे एजिंगच मुळी १२० अंशांवर होते, तेव्हा त्याहून फार गरम अशा कुठल्याही भट्टीत हा गिअर जाऊ देऊ नये.

ड्रॉइंगवरची मापे

हार्ड ॲनोडायझिंगचा साधारण अर्धा थर धातूच्या आत आणि अर्धा बाहेर वाढतो. ५० मायक्रॉनच्या कोटिंगने प्रत्येक पृष्ठभाग २५ मायक्रॉनने पुढे येतो. म्हणजे दाताची जाडी ०.०५ मिमीने वाढते, बोअर तेवढाच लहान होतो आणि दातांवरचे स्पॅन मेजरमेंटही (काही दात एकत्र धरून घेतलेले माप) ०.०५ मिमीने वाढते. हे आधी वजा केले नाही तर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, खाल्ला जातो. हॉबिंग (गिअरचे दात कापणे) करताना कटर नेहमीपेक्षा सुमारे ०.०७ मिमी जास्त आत घेतला की २० अंश प्रेशर अँगलच्या दाताची दोन्ही अंगे पुरेशी पातळ होतात. ड्रॉइंगवर कोटिंगच्या आधीचे आणि नंतरचे अशी दोन्ही स्पॅन मापे लिहावीत. हॉबिंगवाला एक पाहतो आणि इन्स्पेक्शनवाला दुसरे, आणि एकच माप लिहिले असेल तर दोघांपैकी एकाचे चुकणार हे ठरलेले असते.

बोअर मास्क करून घ्यावा. बाथमध्ये गिअर कुठे टांगायचा, तेही ड्रॉइंगवर दाखवावे. क्लॅम्प लागतो तिथे कोटिंग बसत नाही, आणि ती उघडी जागा दातावर असलेली परवडणार नाही. हबवरचे टॅप केलेले छिद्र हे त्यासाठी सोयीचे ठिकाण आहे.

बॅकलॅश ठरवताना तापमानही धरावे. ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट प्रसरण पावते. आपल्या जोडीचे सेंटर अंतर ८० मिमी आहे. हाउसिंग पोलादी असेल आणि सगळे ५० अंशांनी तापले तर दोन्ही गिअर मिळून हाउसिंगपेक्षा ०.०३६ मिमी जास्त वाढतात आणि बॅकलॅश सुमारे ०.०२६ मिमीने घटतो. सकाळी मोकळी वाटणारी जोडी दुपारी आवाज करू लागली, तर आधी इकडे पाहावे.

शाफ्टवर बसवणे

पोलादी शाफ्टवर ॲल्युमिनियमचा गिअर केवळ प्रेस फिटवर बसवू नये. २० मिमीच्या शाफ्टवर ५० अंशांच्या तापमानवाढीने बोअर शाफ्टपेक्षा १२ मायक्रॉन जास्त मोठा होतो, आणि एच७/पी६ या मानक घट्ट फिटमध्ये किमान इंटरफिअरन्स (शाफ्ट बोअरपेक्षा जितका मोठा असतो तो फरक) अवघा १ मायक्रॉन असू शकतो. ॲल्युमिनियममध्ये थेट की-वे कापणेही उलटसुलट फिरणाऱ्या कामात धोक्याचे आहे, कारण कीच्या ठोक्यांनी खाचेच्या भिंती चेपतात आणि ढिलाई वाढत जाते. पोलादी हब घेऊन त्याच्या फ्लँजवर गिअर बोल्ट आणि दोन डॉवेलने बसवणे ही सर्वांत खात्रीची रीत आहे. बोल्टच्या डोक्याखाली कडक वॉशर द्यावा. आटे ॲल्युमिनियममध्येच पाडायचे असतील तर बोल्टच्या व्यासाच्या दीड ते दोन पट खोली ठेवावी आणि वारंवार उघडावे लागणार असेल तर हेलिकॉइल (तारेच्या आट्यांचे इन्सर्ट) बसवावी. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत पोलाद आणि उघडे ॲल्युमिनियम यांच्या जोडावर पांढरी भुकटी धरते. म्हणून जोडाला गंजरोधक ग्रीस लावूनच तो आवळावा, मात्र तांब्याची पेस्ट वापरू नये.

जोडीचा पिनियन आणि वंगण

ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम चालवू नये. पिनियन २०एमएनसीआर५ सारख्या पोलादाचा, ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल कडकपणा) इतका कडक केलेला आणि ग्राइंड केलेला असावा. हार्ड ॲनोडायझिंग म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच, आणि ते मऊ किंवा खरखरीत पिनियनला कानशीसारखे घासते. उलट पिनियनच्या दातावर राहिलेली एखादी बर (धातूची बारीक, टोकदार कड) नव्या थरावर ओरखडा पाडते, म्हणून पिनियनच्या कडांवरून बोट फिरवूनच तो बसवावा.

गिअर कोरडा चालवू नये. झिजलेल्या थराचे कण अपघर्षक असतात, त्यामुळे पहिले तेल लवकर बदलावे आणि ग्रीसवर चालणाऱ्या उघड्या गिअरचे जुने ग्रीस पुसून काढावे. धुण्यासाठी कॉस्टिक असलेले द्रावण वर्ज्य आहे. ते थरही खाते आणि खालचा धातूही. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्री मशीन धुणारी माणसे वेगळी असतात, म्हणून ही सूचना गिअरच्या गार्डवरच चिकटवलेली बरी.

चालवून पाहणे

जोडणीनंतर मार्किंग ब्लू (संपर्काचा डाग दाखवणारा निळा रंग) लावून दाताच्या अंगावरचा संपर्क पाहावा. डाग एका कडेला सरकलेला असेल तर अलाइनमेंट सुधारल्याशिवाय मशीन चालू करू नये, कारण कडेवर एकवटलेला भार वरच्या सगळ्या हिशेबावर पाणी फिरवतो. सुरुवातीला कमी वेगाने आणि कमी भाराने चालवावे. इनर्शिया घटल्यामुळे सर्वोचे जुने गेन (नियंत्रणाच्या सेटिंग) आता बसत नाहीत आणि मोटर गुणगुणते किंवा थरथरते. ऑटो-ट्यूनिंग पुन्हा करून घ्यावे.

नंतरची तपासणी सोपी आहे. ७०७५ वरचा हार्ड ॲनोडायझिंगचा थर गडद राखाडी ते काळपट असतो, त्यामुळे तो झिजला की दाताच्या अंगावर रुपेरी, चमकदार रेघ दिसू लागते. शंका असल्यास दात पुसून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवावा. एक पिन हबवरच्या कोटिंग नसलेल्या जागेवर आणि दुसरी संशयित जागी टेकवावी. थर शाबूत असेल तर तो वीज वाहू देत नाही आणि मीटर गप्प राहतो. मीटर वाजला तर तिथला थर संपला आहे. टोकाशी एखाद्या ठिपक्यावर वाजला तर नोंद करून लक्ष ठेवावे. पिच रेषेच्या आसपास सलग वाजू लागला, तर गिअर पुढच्या शटडाऊनची वाट न पाहता बदलावा, आणि तेव्हा पिनियनचीही तपासणी करावी. सुट्या भागांच्या रॅकवर या गिअरचा पार्ट नंबर जुन्या पोलादी गिअरपेक्षा वेगळा ठेवावा. मापे सारखी असल्यामुळे घाईत पोलादी गिअर बसवला जातो, मशीन चालूही होते, पण ड्राइव्ह हलक्या गिअरसाठी ट्यून केलेला असल्याने अर्ध्या तासात ओव्हरलोडची ट्रिप येते आणि कारण शोधण्यात पाळी निघून जाते.